अक्काचं काम

सकाळी सातला अक्का कामावर यायची, बूट काढून जाड तळव्यांच्या सपाता घालायची आणि मग पाच मिनिटं नुसती बसायची. एकतीस वर्षं उभ्यानं काढली होती तिनं. टाचा अशा धरायच्या की पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकायचं रोज जिवावर यायचं. हाडांच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, उभं राहणं कमी करा. "बरं," म्हणून ती त्याच्या दवाखान्यातून बाहेर पडली होती आणि बसस्टॉपवर अर्धा तास उभी राहिली होती.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्या दोन वर्षांत आपल्याकडून कुणी काही नवीन मागू नये, एवढीच तिची इच्छा होती.

तिचा विभाग इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या उजव्या हाताला. दोन दारं होती; पहिलं नीट लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आत उजेड मंद, तांबूस, हवा उबदार. भिंतीला लागून चार तिरक्या चौकटी आणि प्रत्येक चौकटीत एक पारदर्शक पिशवी, पाण्यानं भरलेली. एका नळीतून ताजं पाणी यायचं, दुसरीतून जुनं जायचं, दिवसरात्र. त्या पाण्यात मूल. तेवीस-चोवीस आठवड्यांचं, पूर्वी ज्याला मूल म्हणायलाही कुणी धजत नसे असं. नाळेला जोडलेल्या दोन नळ्या जेवणाच्या डब्याएवढ्या एका खोक्यात जायच्या, तिथं रक्ताला प्राणवायू मिळायचा आणि रक्त परत फिरायचं. पंप नव्हता. ढकलायचं काम मुलाचं हृदयच करायचं, द्राक्षाएवढं.

यंत्राचं कागदावरचं नाव लांबलचक होतं, पण विभागात सगळे 'पिशवी'च म्हणायचे. अक्काची स्वतःची पिशवी नऊ वर्षांपूर्वी काढलेली. तिचा नवरा छापखान्यातून निवृत्त झालेला, यंत्रांच्या खडखडाटानं कान गेलेला, पण जीभ शाबूत. तो म्हणायचा, "तुझी एक काढून घेतली आणि बदल्यात चार सांभाळायला दिल्या. फायद्यातच आहेस की!"

कागदोपत्री ती मुलं नव्हती. पिशवी उघडली की जन्म, तोवर ती गर्भातलीच, असा नियम. म्हणून नाव नाही, दाखला नाही, चौकटीचा नंबर फक्त. पण पाच-पाच आठवडे समोर तरंगणाऱ्या जिवाला नंबरानं कोण हाक मारणार? नर्सा हळूच टोपणनावं ठेवायच्या. त्या सुमाराला दोन नंबरात चुळबुळ्या होता, घडीभर स्वस्थ म्हणून नाही. आणि तीन नंबरात गोगलगाय. ती एक हात हलवायची तर वाटायचं, आधी अर्ज देऊन परवानगी काढली असावी.

*

पिशव्या येण्याआधीही अक्का याच मजल्यावर होती. तेव्हा इतक्या लवकर आलेल्या मुलांसाठी करण्यासारखं काहीच नसायचं. डॉक्टर मान हलवायचे आणि कुणीतरी म्हणायचं, "अक्काला बोलवा."

अक्का यायची. गरम केलेली मऊ फडकी, कापसाची टोपी, त्रास होऊ नये म्हणून गालाच्या आत औषधाचा एक थेंब. मग मूल आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, आईचा तळवा धरून त्याच्या पाठीवर नेमका कुठं टेकवायचा ते दाखवायचं, आणि थांबायचं. कधी दहा मिनिटं, कधी दोन तास. ती रडू नका म्हणायची नाही आणि देवाची इच्छाही म्हणायची नाही. शेवटी छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकायची आणि "गेलं," एवढंच सांगायची. इतर नर्सांना ते जमायचं नाही. एक तर त्या पळ काढायच्या किंवा फार बोलायच्या. हळूहळू त्या कामाला नावच पडलं: अक्काचं काम.

पिशव्या आल्या आणि ते काम संपलं. तेवीस आठवड्यांची मुलं जगायला लागली. सगळी नाही, पण बरीचशी. सहा वर्षांत एकदाही कुणी "अक्काला बोलवा" म्हटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं होतं. इतकं, की आपण ते काम करत होतो हेही तिनं मनातून पुसून टाकलं होतं.

*

गोगलगायीची आई जुने कपडे उसवून मापाचे करून द्यायची. बाजाराच्या मागं तिचं एकाच शिलाई मशीनवरचं दुकान होतं. तेविसाव्या आठवड्यात तिचा रक्तदाब असा चढला की ती दुकानातच पडली. शस्त्रक्रिया करावी लागली. शुद्धीवर आली तेव्हा पोट रिकामं होतं आणि मूल दुसऱ्या मजल्यावर. पिशवीच्या कागदावर सही नवऱ्यानं केली होती, ऑपरेशनच्या खोलीबाहेर उभ्याउभ्या.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. संध्याकाळी कामावरून थेट यायचा, हाताला वंगणाचा वास, नखांत काळं. त्यानं दोनदा हात धुतले तरी अक्का त्याला तिसऱ्यांदा धुवायला लावायची. तो आत आला की आधी मुलीकडे बघायचा नाही, आधी खोक्याकडे. दाब किती, पाणी किती वेळानं बदलतं, वीज गेली तर काय. "झकास काम केलंय कुणीतरी," असं म्हणायचा आणि मग समाधानानं मुलीकडे वळायचा.

बायको दुपारी यायची. पिशवीच्या कडेला एक छोटा माइक होता. आईनं त्यात बोलायचं, म्हणजे आवाज पाण्यातून आत जायचा. पहिले चार दिवस ती त्या माइकसमोर ओठ मिटून बसली.

"बोला ना काहीतरी," अक्का म्हणाली.

"काय बोलू? माझं पोट असतं तर बोलावं लागलं नसतं. तिला आपोआप ऐकू आलं असतं."

पाचव्या दिवशी तिनं घसा खाकरला आणि म्हणाली, "कंबर बत्तीस. उंची बेचाळीस. बाह्या दोन बोटं आत." मग ती त्या कपड्याच्या मालकिणीबद्दल सांगायला लागली, दर सहा महिन्यांनी बाई कपडे सैल करून नेते आणि दर वेळी म्हणते, धुण्यात आटले. अक्का पाठमोरी उभी राहून आकडे लिहीत होती, तिला हसू आवरेना. त्यानंतर रोज दुपारी गोगलगायीला गिऱ्हाइकांच्या कागाळ्या ऐकायला मिळायला लागल्या.

तिसऱ्या आठवड्यात तपासणीत डोक्यात रक्तस्राव दिसला. नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून औषध द्यावं लागतं, त्यातून हे होऊ शकतं, आणि कागदावर ते बाराव्या ओळीत लिहिलेलंही होतं. दोन दिवसांनी परत तपासलं. रक्तस्राव दोन्ही बाजूंना होता, आणि खूप.

विभागप्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. त्यांनी नवराबायकोला समोर बसवून सांगितलं. जगेल की नाही सांगता येत नाही. जगली तर स्वतः गिळेल, बघेल, ओळखेल अशी आशा फारच थोडी. पुढं जायचं की थांबायचं, ते दोघांनी ठरवावं.

"थांबवा," आई म्हणाली.

"चालू ठेवा," बाप म्हणाला.

दोघं एकाच वेळी बोलले. मग दोघांनी एकमेकांकडे असं बघितलं की जणू ओळखच नाही.

"नियमानं थांबवायला दोघांच्या सह्या लागतील," मोठ्या बाई म्हणाल्या.

"ती पोटात असती तर?" आईनं विचारलं.

"तर निर्णय तुमचा एकटीचा असता. तुमचं शरीर होतं."

"म्हणजे पोटातून काढली आणि मी निम्मी झाले."

मोठ्या बाईंनी समोरचे कागद गोळा केले.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी आई माइकसमोर बसली नाही. दाराशी उभी राहिली आणि अक्काला म्हणाली, "थांबवायचं झालं तर कसं थांबवता?"

अक्कानं नियमातलं सांगितलं. नळीला चिमटा लावायचा. चार-पाच मिनिटांत हृदय थांबतं. मग पिशवी उघडायची.

"आधी थांबवता आणि मग उघडता?"

"हो."

"म्हणजे जिवंत असताना माझ्या हातात येणारच नाही?"

"उघडली की ती जन्मली असं धरतात. मग जन्मलेल्या बाळाला नळ्या, श्वासाचं यंत्र, सगळं करावं लागतं. म्हणून तो नियम आहे."

आई दाराला टेकली. मग म्हणाली, "अकरा वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बहिणीचं असंच झालं होतं. याच मजल्यावर. तुम्ही तिच्या छातीवर दिलं होतं. वीस मिनिटं होतं म्हणे. तिला नंतर दोन मुलं झाली, पण त्या वीस मिनिटांबद्दल ती अजून सांगते. टोपी पिवळी होती, हेसुद्धा."

अक्काला ती बहीण आठवेना. तिनं डोक्याला ताण दिला. एकही चेहरा वर येईना. एखाद्या बाईचा अख्खा जन्म ज्या वीस मिनिटांभोवती फिरतो, त्यांचा आपल्याकडे मागमूसही नाही, याची तिला लाज वाटली. लाजेपेक्षाही जास्त थकवा आला.

"माझं तेवढं करा," आई म्हणाली.

"ते आता करत नाहीत, बाई."

"तुम्हाला येतं ना पण?"

दोन नंबरात चुळबुळ्यानं पाय झाडला, तर अक्कानं उगीचच त्याचे आकडे तपासायला घेतले. बसमध्ये घरी जाताना ती स्वतःवरच चिडली. 'येतं,' एवढं म्हणायला काय जात होतं? पण तिला माहीत होतं काय जात होतं. एकदा 'येतं' म्हटलं की करावं लागलं असतं.

घरी नवऱ्याला तिनं सगळं सांगितलं. त्याला ऐकू यावं म्हणून मोठ्यानं सांगावं लागायचं, आणि अशा गोष्टी ओरडून सांगताना त्या आणखीच भयंकर वाटायच्या.

"तू दमलीयेस," तो म्हणाला. "नाही म्हण. सरळ नाही म्हण."

"म्हणते."

"नाही म्हणणार तू," तो म्हणाला आणि चहा टाकायला उठला.

*

चार दिवसांनी, संध्याकाळची गोष्ट. अक्काची सुट्टी व्हायला दहा मिनिटं होती. लिफ्टवाला आला, तीनदा हात धुतले, आणि आज पहिल्यांदाच खोक्याकडे न बघता पिशवीकडे गेला. तिथूनच त्यानं हाक मारली.

"अक्का! अहो इकडे या लवकर!"

ती धावली. टाचांतून कळ गेली.

"बघा, बघा! सायकल चालवतेय! कोण म्हणतं हिला गोगलगाय?" त्याचा चेहरा फुलला होता. "आणि म्हणे काही कळणार नाही हिला. बायकोला दाखवायला पाहिजे होतं हे."

गोगलगायीचे दोन्ही पाय खरंच पॅडल मारल्यासारखे फिरत होते. एका लयीत, न थांबता. ओठ चोखल्यासारखे हलत होते. डाव्या हाताची मूठ उघडत होती, मिटत होती. अक्कानं अशी सायकल पूर्वी पाहिली होती. तिनं घड्याळाकडे बघितलं आणि मनातल्या मनात वेळ धरली.

हे सांगणं तिचं काम नव्हतं. असलं सगळं मोठ्या बाई सांगायच्या, खोलीत बसवून, पाण्याचा पेला पुढ्यात ठेवून. अक्कानं फोन करायचा, तोंड बंद ठेवायचं आणि दहा मिनिटांनी बसस्टॉप गाठायचा. तिनं फोन केला. मग परत आली. तो अजून हसत होता.

"दादा," ती म्हणाली, "ती खेळत नाहीये."

"म्हणजे?"

"झटका आहे तो. डोक्यातला. मेंदूकडून चुकीचा निरोप जातोय, म्हणून पाय फिरतायत."

त्याचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर तसंच राहिलं, उतरायला विसरल्यासारखं. औषध देईपर्यंत पाय फिरत राहिले. तो बघत राहिला. मग पाय हळूहळू शांत झाले.

"तिला दुखतं का यात?"

"मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. मोठ्या बाईंनाही नाही."

"परत होईल?"

"होईल."

तो स्टुलावर बसला. म्हणाला, "माझं काम असं आहे अक्का, की अडकलेल्या लिफ्टमध्ये माणूस असतं. मी वरून ओरडून सांगतो, घाबरू नका, मी आलोय. आणि काढल्याशिवाय कधी परत गेलेलो नाही. एकदाही नाही."

"यंत्र अडकलेलं नाहीये दादा. यंत्र उत्तम चाललंय. तीच तर पंचाईत आहे."

त्या दिवशी अक्काची नेहमीची बस गेली, आणि तिच्या पुढचीही. तीन दिवसांनी त्यानं सही केली. सही करताना एवढंच म्हणाला, "बायकोला हवं तसं करा. हातात हवी असेल तर हातात द्या." आणि मोठ्या बाईंनी कपाळाला हात लावला, कारण आता प्रश्न समितीकडे जाणार होता.

*

समिती पाच जणांची. चौथ्या मजल्यावर लांबलचक टेबल, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. अक्काला खुर्ची दिली हे बरं झालं. मोठ्या बाईंनी तिला आणलं होतं, कारण असं काम पूर्वी हातानं केलेलं माणूस अख्ख्या इस्पितळात तेवढं एकच उरलं होतं.

वकिलांनी सुरुवात केली. "पिशवी उघडली की ते जन्मलेलं मूल. जन्मलेल्या मुलाला उपचार न देणं, ही फार गंभीर गोष्ट आहे. आतच थांबवलं तर प्रश्नच येत नाही."

"पोटातून तेवीस आठवड्यांची यायची ती जन्मलेलीच होती की साहेब," अक्का म्हणाली. "तेव्हा इथं कुणी बैठक घेतली नाही."

"तेव्हा उपाय नव्हता."

"आताही नाही. नळी आहे. उपाय कुठंय?"

कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "पण त्या जिवाला काय फरक पडतो? आत गेलं काय, बाहेर गेलं काय?"

"त्याला पडतो की नाही, मला माहीत नाही. आईला पडतो. आणि मला पडतो. तो चिमटा कुणाच्या हातानं लागणार? तुमच्या नाही."

कुणीतरी बाटलीचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

"म्हणजे तुमचा या तंत्रालाच विरोध आहे का?" कॉलेजच्या बाईंनी विचारलं.

"छे हो. परवा दोन नंबरची पिशवी उघडली. पोरगं असं काही केकाटलं की खालच्या मजल्यावरून विचारायला आले. सहा वर्षांपूर्वी ते माझ्या हातात आलं असतं आणि अर्ध्या तासात गेलं असतं. मी कशाला विरोध करू?" ती जरा थांबली. तिला शब्द सुचत नव्हते, आणि ते नाहीच सुचले तरी चालेल असं वाटण्याइतकी ती दमली होती. "यंत्र चांगलं आहे. फक्त, नाही जमलं तर पुढं काय, हे करणाऱ्यांनी बघितलं नाही. ते आम्ही हातानं करायचो. तुम्ही ते काम बंद केलंत. कुणी मुद्दाम केलं नाही. असंच बंद पडलं."

दोन तास चर्चा चालली. अक्काला बाहेर बसवलं होतं. ती भिंतीला डोकं टेकून पेंगली. शेवटी वकिलांनी स्वतः येऊन सांगितलं, की परवानगी दिली, अपवाद म्हणून. तसं लिहूनही दिलं: अपवाद म्हणून.

*

गुरुवारी दुपारी दीड वाजता पिशवी उघडली. शेजारची खिडकीवाली खोली अक्कानं सकाळीच रिकामी करून घेतली होती. फडकी गरम केली होती. टोपी मात्र मिळेना. इतक्या लहान मापाच्या टोप्या सहा वर्षांत कुणी ठेवल्याच नव्हत्या. तिनं मोज्याचं टोक कापून, गाठ मारून वेळ भागवली. ते बघून आई त्या दिवशी पहिल्यांदा बोलली. "द्या इकडे," म्हणाली, आणि दोन टाके घालून कड नीट केली.

सहाशे चाळीस ग्रॅम. अक्कानं पुसलं, औषधाचा थेंब दिला आणि आईच्या छातीवर ठेवलं. आईचा तळवा धरून पाठीवर टेकवला. सहा वर्षांनीही हाताला बरोबर जागा सापडली.

"किती हलकी," आई म्हणाली. "आणि किती गरम."

मोठ्या बाईंचा अंदाज होता दहा-पंधरा मिनिटं. बाप दाराशी उभा होता, आत येत नव्हता, बाहेर जात नव्हता. पंधरा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. मुलगी श्वास घेत होती. उथळ, मध्येच थांबून, पण घेत होती. एक तास झाला. गाल गुलाबी दिसायला लागले. आई तिला हळू आवाजात काहीतरी सांगत होती. अक्का एका गुडघ्यावर बसली होती आणि तिला कळत होतं, हे सोपं जाणार नाही.

दोन तास पाच मिनिटांनी बाप पुढं आला.

"ती श्वास घेतेय," तो म्हणाला. "तुम्ही म्हणालात घेणार नाही. घेतेय ती. नळी लावा."

"नको," आई डोळे मिटूनच म्हणाली.

"का नको? तिला जगायचंय, दिसत नाही का तुला? तू निम्मी आहेस ना? मग मी पण निम्मा आहे. माझ्या निम्म्याचं म्हणणं आहे, लावा!"

मोठ्या बाईंनी अक्काकडे बघितलं. खरं तर अक्कानंच त्यांच्याकडे बघायला हवं होतं. पण त्या खोलीत त्या क्षणी सगळे तिच्याकडेच बघत होते, आणि एकतीस वर्षांत तिला कधी इतकं वाटलं नव्हतं की आपण आत्ता इथं नसतो तर बरं झालं असतं.

"दादा," ती म्हणाली, "नळी लावायला दोन मिनिटं लागतील. सामान बाहेरच आहे. सांगाल तर मोठ्या बाई लावतील. पण त्यासाठी तिला इथून उचलावी लागेल, आणि परत इथं ठेवता येईल की नाही, याचा शब्द मी देणार नाही. तुम्ही सांगा."

तिनं त्याला अडवलं नाही, समजावलं नाही. तो उभा राहिला.

"थोडं थांबा," तो शेवटी म्हणाला. कुणाला म्हणाला, कळलं नाही. मग तो पलंगाच्या कडेला बसला आणि वंगणानं काळं झालेलं एक बोट त्यानं मुलीच्या तळव्यात ठेवलं. तिनं ते धरलं नाही. त्यानंही काढलं नाही.

पाचला दहा मिनिटं असताना दोन श्वासांमधलं अंतर वाढायला लागलं. एकदा इतकं वाढलं की सगळ्यांनी आपापला श्वास रोखला. मग तिनं आणखी एक घेतला. त्यानंतर घेतला नाही. अक्कानं स्टेथोस्कोप लावून पुरतं एक मिनिट ऐकलं.

"गेली," ती म्हणाली.

गुडघ्यावरून उठताना तिला मोठ्या बाईंचा हात धरावा लागला.

खाली कारकुनानं एकाच दिवशी जन्माचा आणि मृत्यूचा असे दोन दाखले करायचे म्हणून कुरकुर केली. आईनं नाव सांगितलं, त्यानं ते दोन्ही कागदांवर लिहिलं. विभागात ते नाव कुणी वापरलं नाही. नर्सा आपसात गोगलगायच म्हणत राहिल्या.

अक्का घरी गेली तेव्हा नवऱ्यानं काही विचारलं नाही. घमेल्यात गरम पाणी आणून पायाशी ठेवलं. ती बोलली नाही. बोलली असती तरी त्याला ऐकू गेलं नसतं. तिच्यात ओरडण्याचं त्राण नव्हतं.

*

अपवाद म्हणून लिहिलेलं काम पुढच्या आठ महिन्यांत आणखी तीनदा करावं लागलं. "अक्काला बोलवा" हे शब्द मजल्यावर परत ऐकू यायला लागले. दुसऱ्या खेपेला तिनं एका धाकट्या नर्सेला सोबत घेतलं, कारण निवृत्तीनंतर आपण इथं नसणार. ती पोरगी हमसाहमशी रडली. "रड," अक्का म्हणाली, "पण हात गार पडू देऊ नकोस." तिसऱ्या खेपेला त्या पोरीनं स्वतः केलं आणि अक्का मागं खुर्चीत बसली. बरं वाटलं असं नाही. पण बसायला मिळालं.

गोगलगायीची आई परत कधी आली नाही. बाप आला, एका दुपारी. अक्का जिन्याजवळच्या बाकावर डबा उघडून बसली होती. तो शेजारी बसला. आधी इकडचं तिकडचं बोलला. दुकान पुन्हा सुरू झालंय, बायको आता हाताखाली एक बाईही ठेवणार आहे मदतीला. मग म्हणाला, "एक विचारू?"

"विचारा."

"त्या दुसऱ्या तासाला मी हट्ट धरला असता, नळी लावली असती, तर?"

अक्काकडे या प्रश्नाची तीन-चार तयार उत्तरं होती. सगळी दिलासा देणारी. मोठ्या बाई तीच देतात, आणि त्यात खोटं काही नाही. तिनं डब्याचं झाकण लावलं.

"तर कदाचित ती आज असती," ती म्हणाली. "कशी असती, ते सांगता येत नाही. पण असती, असं होऊ शकलं असतं."

तो मान खाली घालून बसला. जिन्यावरून माणसं वरखाली करत होती. एक बाई फुगे घेऊन वर गेली.

"सगळे म्हणतात, काही उपयोग झाला नसता," तो म्हणाला. "बहीण म्हणते, सासू म्हणते. मला खरं वाटत नव्हतं. असं सरळ कुणीतरी सांगायला हवं होतं." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "बायकोला सांगू का हे?"

"तिला माहीतच आहे," अक्का म्हणाली.

त्यानं चमकून तिच्याकडे बघितलं. मग हळूहळू मान हलवली, दोनदा. उठला, पँट झटकली, आणि येतो म्हणून जिना उतरायला लागला.